हार्टफर्डचं छत: पंधरा फूट धरलेली लांबी तीस फूट निघाली तेव्हा

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहराच्या सिव्हिक सेंटरचं छत १८ जानेवारी १९७८ ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथे बास्केटबॉलचा सामना संपला होता आणि पाचेक हजार प्रेक्षक घरी गेले होते, म्हणून कुणाला इजा झाली नाही. मधला भाग थेट मैदानावर आला आणि चारही कोपरे वर उचलले गेले. बाहेर पाच वर्षांतलं सगळ्यात मोठं बर्फाचं वादळ चालू होतं, त्यामुळे पहिला संशय बर्फावर जाणं साहजिक होतं. पण हिशोब मांडला तेव्हा त्या क्षणी छतावर, त्याच्या स्वतःच्या वजनासकट, चौरस फुटाला ६६ ते ७३ पौंड भार होता असं निघालं. नियमाने केलेलं असं छत किमान १४० पौंड पेलायला हवं होतं. म्हणजे निम्म्या भारातच ते बसलं. बर्फ निमित्त झालं, एवढंच म्हणता येईल.

बकलिंग, म्हणजे दाबातला दांडा एकाएकी बाजूला वाकून जाणं, शिकवताना सगळे गणितज्ञ ऑयलरच्या सूत्रापासून सुरुवात करतात, आणि सूत्र पाठ झालं की विषय संपला असं मुलांना वाटतं. मला हे प्रकरण त्यासाठीच महत्त्वाचं वाटतं. इथे सूत्र कुणीच चुकीचं लिहिलं नव्हतं. सूत्रात घातलेली लांबी खरी नव्हती. आणि ती लांबी खोटी ठरवणारी गोष्ट गणिताच्या कागदावर नव्हती, ती जोडाच्या नकाशात होती.

छताची रचना

छत ३६० फूट लांब आणि ३०० फूट रुंद, म्हणजे ११० मीटर बाय ९१ मीटरच्या आसपास. जमिनीपासून उंची ८३ फूट, वजन सुमारे १४०० टन. रचना स्पेस फ्रेमची: वर ३० फुटांच्या चौकोनांची एक जाळी, खाली तशीच दुसरी, दोन्हींत २१ फुटांचं अंतर आणि त्यांना जोडणारे तिरके दांडे. हे सगळं चार खांबांवर उभं होतं, आणि हे खांब कडेला नव्हते, प्रत्येक कडेपासून ४५ फूट आत होते. म्हणजे खांबांमधला गाळा २७० बाय २१० फुटांचा आणि चहूबाजूंनी ४५ फूट छत अधांतरी.

इतक्या मोठ्या गाळ्यात वरच्या जाळीचे दांडे दाबात जातात, खालचे ताणात. ताणातल्या दांड्याची काळजी कमी असते, तो ओढला की सरळ होतो. दाबातला दांडा मात्र संधी मिळताच बाजूला पळतो. तेव्हा वरच्या जाळीतला प्रत्येक ३० फुटी दांडा हा आडवा ठेवलेला लुकडा कॉलमच होता. कॉलम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उभा खांब येतो, पण गणिताला आडवं-उभं काही कळत नाही.

तीस फूट लांबी जास्त होते हे डिझाइन करणाऱ्यांनाही माहीत होतं. म्हणून दोन जाळ्यांच्या मधल्या पातळीवर त्यांनी आणखी दांडे घातले आणि त्यांच्या जोरावर वरच्या दांड्याला मध्यावर टेकू मिळतो असं धरलं. ३० फुटांचे दोन १५ फूट झाले. कल्पना चांगलीच होती.

वरचा दांडा बनवला होता चार अँगल पाठीला पाठ लावून, अधिक चिन्हाच्या आकाराचा. अँगल (एल आकाराचे पोलादी दांडे) सहज मिळतात, जोडावर दांडे बांधणारी गसेट प्लेट मधल्या फटीत बसते, लोखंड कापून-जोडून देणाऱ्या फॅब्रिकेटरला सोपं जातं. पण बकलिंगच्या दृष्टीने हा आकार कंजूष आहे, कारण बरंचसं पोलाद केंद्राजवळ गोळा होतं आणि वाकण्याला विरोध करायला ते केंद्रापासून लांब असावं लागतं. आणखी एक वेगळेपण म्हणजे छताचे पत्रे या जाळीवर थेट टेकलेले नव्हते. जोडांवर आखूड खुंट उभे करून त्यांच्यावर छत ठेवलं होतं. नेहमीच्या बांधणीत पत्रे आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे दांडे) वरच्या दांड्याला जाता जाता थोडा आधार देतात. इथे तोही सुटला.

हे डिझाइन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. गणित कॉम्प्युटरवर केलं होतं आणि त्यामुळे सुमारे पाच लाख डॉलर वाचतील असं मालकाला सांगितलं गेलं होतं.

आकडे मांडून पाहू

हार्टफर्डचे खरे सेक्शन इथे घेत नाही. आपल्याकडे मिळणारा अँगल घेतो, म्हणजे वाचणाऱ्याला स्टील टेबल उघडून पडताळता येईल. चार नग १०० बाय १०० बाय १० चे अँगल, मध्ये १० मिमीच्या गसेटची फट. एका अँगलचं क्षेत्रफळ १९.०३ चौरस सेंमी, स्वतःच्या केंद्राभोवतीचा जडत्वाघूर्ण (आकार वाकण्याला किती विरोध करतो त्याचं माप) १७७, आणि केंद्र पाठीपासून २.८४ सेंमीवर. फटीचा अर्धा सेंमी मिळवला की अंतर ३.३४. चौघांचा मिळून जडत्वाघूर्ण साधारण १५५७ आणि क्षेत्रफळ ७६.१ येतं. भागून वर्गमूळ काढलं की जायरेशनची त्रिज्या, म्हणजे पोलाद केंद्रापासून सरासरी किती लांब पसरलंय त्याचं माप, ४.५२ सेंमी. अधिक चिन्हाचा आकार असल्यामुळे दोन्ही अक्षांवर तीच.

आता लांबी. टेकू खरोखर काम करत असेल तर १५ फूट, म्हणजे ४.५७ मीटर. त्रिज्येने भागलं की स्लेंडरनेस रेशो, म्हणजे दांडा किती लुकडा आहे ते सांगणारा आकडा, १०१. टेकू नसेल तर ९.१४ मीटर आणि रेशो २०२.

ऑयलरने १७४४ मध्ये दाखवलेली गोष्ट एवढीच की आदर्श सरळ दांडा ज्या दाबाला बाजूला जातो तो दाब लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पोलादाचा ई (पोलादाच्या कडकपणाचा स्थिरांक) म्हणून दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिमी धरला, त्याला पायच्या वर्गाने गुणलं आणि रेशोच्या वर्गाने भागलं की ताण मिळतो. १०१ ला १९३, २०२ ला ४८. क्षेत्रफळाने गुणल्यावर पहिल्या स्थितीत सुमारे १४७० किलोन्यूटन आणि दुसऱ्या स्थितीत ३६८. बरोबर चौथा हिस्सा. दांडा तोच, पोलाद तेच, वजन तेच.

ऑयलरचा आकडा प्रत्यक्षात कुणी वापरत नाही, कारण खरा दांडा कारखान्यातूनच थोडा बाक घेऊन येतो आणि त्यात रोलिंग-वेल्डिंगचे अंतर्गत ताण असतात. आपला आय. एस. ८०० (पोलादी बांधकामाचं भारतीय मानक, २००७ ची आवृत्ती) त्यासाठी चार वक्र देतो. जोडून केलेल्या दांड्यांना आणि अँगलना त्यातला ‘सी’ वक्र लागतो. चौरस मिमीला २५० न्यूटन मर्यादेच्या पोलादाला तो वक्र लावला तर १५ फुटांना डिझाइन क्षमता सुमारे ८०० किलोन्यूटन आणि ३० फुटांना २७० येते. इथे चौपट नाही, तिप्पट फरक आहे. कारण आखूड दांड्यात नुसतं बकलिंग नसतं, पोलादाची मर्यादाही हळूहळू आडवी येते. पण तिप्पट म्हणजे काय कमी आहे का? शिवाय दाबातल्या मुख्य दांड्याला आय. एस. ८०० मध्ये रेशोची कमाल मर्यादा १८० आहे. २०२ चा दांडा आपल्याकडे क्षमतेपर्यंत जाण्याआधी त्या तक्त्यातच नापास होतो.

त्याच वजनाच्या जवळपासचा गोल पाइप घेतला असता तर? बाहेरून २१९ मिमी व्यासाचा, १२ मिमी जाडीचा पाइप ७८ चौरस सेंमीचा भरतो, त्रिज्या ७.३३. कुठलाही टेकू नसताना, पूर्ण ९.१४ मीटरला त्याचा ऑयलर भार ९९० किलोन्यूटनच्या आसपास येतो. अधिक चिन्हाच्या ३६८ च्या पावणेतीनपट. मला यावरून असं वाटतं की आकार निवडतानाच छताला टेकूच्या भरवशावर ठेवलं गेलं होतं.

टेकू असणं आणि टेकू पुरणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला हवा, कारण गोम इथेच आहे.

कोसळल्यानंतर शहराने चौकशीसाठी लेव्ह झेटलिन यांच्या कंपनीला नेमलं. त्यांच्या अहवालाप्रमाणे कडेच्या वरच्या दांड्यांना मध्यावर मिळणारा टेकू एकाच प्रतलातला होता. आतल्या चौकोनांत मध्यावर चारही बाजूंनी तिरके दांडे येतात. कडेला एकाच बाजूने येतात, कारण दुसऱ्या बाजूला छतच नाही. मग त्या तिरक्या प्रतलात दांडा धरला जातो आणि त्याला काटकोनात तो मोकळा राहतो. कॉलम नेहमी ज्या दिशेला सगळ्यात कमकुवत असतो त्या दिशेलाच जातो. एका दिशेला १५ फूट आणि दुसऱ्या दिशेला ३० असेल तर क्षमता ३० चीच. कागदावर मात्र १५ राहिलं होतं.

आतल्या दांड्यांची गोष्ट जास्त सूक्ष्म आहे. तिथे टेकू होता, पण तो नेमका दांड्याच्या मध्यरेषेवर येत नव्हता. तिरके दांडे आडव्या दांड्याच्या काही अंतर खाली एकमेकांना मिळत होते, आणि तिथून वरच्या दांड्यापर्यंतचं अंतर जोडाच्या तुकड्याने भरून काढलं होतं. कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये सगळे दांडे एका बिंदूत मिळतात. लोखंडात तसं क्वचितच घडतं.

त्या अंतराने काय होतं? टेकूला किती कडकपणा लागतो ते आधी काढू. दांडा मध्यावर न हलता दोन अर्ध्या लाटांत वाकायला हवा असेल, तर टेकूची किमान कडकता दुप्पट भार भागिले दोन टेकूंमधलं अंतर एवढी लागते. आपल्या दांड्यासाठी दोन गुणिले १४७२ भागिले ४५७० मिमी, म्हणजे ०.६४ किलोन्यूटन प्रति मिमी. दांडा आधीच थोडा वाकलेला असतो म्हणून प्रत्यक्षात याच्या दुप्पट धरायची पद्धत आहे, समजा १.३.

आता टेकू आणि दांड्याच्या मध्ये २०० मिमी रुंद, १० मिमी जाड पट्टी आहे असं समजा, एका टोकाला घट्ट, आणि बल तिला आडवं वाकवतंय. पट्टी १५० मिमी लांब असेल तर तिची कडकता जवळजवळ ३ किलोन्यूटन प्रति मिमी येते. हव्या त्यापेक्षा भरपूर. तीच पट्टी ३०० मिमी लांब केली की लांबीचा घन आठपट होतो आणि कडकता ०.३७ वर येते. १.३ सोडाच, ०.६४ सुद्धा नाही. एवढ्या टेकूवर आपल्या दांड्याचा ऑयलर भार १४७० न राहता १००० च्या आसपास घसरतो. नकाशावर १५ सेंमीचा फरक. डिटेलिंग करणाऱ्या ड्राफ्ट्समनला तो बोल्ट घट्ट करायला पाना शिरावा म्हणून केलेला किरकोळ बदल वाटू शकतो. डिझाइन करणाऱ्याच्या टेबलावर तो पुन्हा जाईलच असंही नाही.

टेकूत येणारं बल मात्र लहान असतं, दाबाच्या एक-दोन टक्के. ८०० किलोन्यूटनच्या दांड्याला १६ किलोन्यूटन पुरे होतात. त्यामुळेच लोक फसतात. ‘टेकूला काय, एवढासा भार’ म्हणत बारीक अँगल टाकला जातो, त्याचा स्वतःचा रेशो बघितलाच जात नाही. हार्टफर्डमध्ये टेकूच्या काही दांड्यांचे रेशोही अमेरिकी नियमाच्या बाहेर होते. टेकू मोडत नाही, तो नुसता मऊ असतो, आणि मऊ टेकूवर उभा राहिलेला दांडा मोडतो.

अँगल-अँगलमधल्या ठोकळ्यांबद्दल दोन शब्द. चार अँगल एकजीव वागावेत म्हणून ठरावीक अंतरावर मध्ये पट्ट्या लागतात, नाहीतर एकेक अँगल आपापल्या अशक्त अक्षावर वाकतो. आपल्या उदाहरणातल्या अँगलची सर्वात कमी त्रिज्या १.९४ सेंमी आहे. आय. एस. ८०० प्रमाणे पाठीला पाठ लावलेल्या अँगलमध्ये दोन पट्ट्यांमधल्या तुकड्याचा रेशो ४० च्या आत, किंवा पूर्ण दांड्याच्या रेशोच्या ०.६ च्या आत ठेवायचा, जो कमी असेल तो. म्हणजे साधारण पाऊण मीटरला एक पट्टी, ९.१४ मीटरला अकरा. दोन मीटरवर पट्टी ठेवली तर एका अँगलचा रेशो १०३ होतो, पूर्ण दांड्यापेक्षाही जास्त. हार्टफर्डला काही ठिकाणी या पट्ट्या हव्या त्यापेक्षा लांब अंतरावर होत्या.

अहवालातले आकडे

झेटलिन यांच्या अहवालाने दांड्यांचे गट करून सांगितलं की पूर्व आणि पश्चिम कडेचे वरचे दांडे ८५२ टक्के जास्त भारलेले होते, उत्तर-दक्षिण कडेचे २१३ टक्के आणि पूर्व-पश्चिम दिशेचे आतले ७२ टक्के. त्याशिवाय छताचं स्वतःचं वजन डिझाइनमध्ये २० टक्क्यांहून जास्त कमी धरलं गेलं होतं.

८५२ हा आकडा वाचून पहिला प्रश्न पडतो तो असा: मग छत पाच मिनिटं तरी उभं कसं राहिलं? माझ्या वाचनाप्रमाणे तो आकडा दांड्यात प्रत्यक्ष असलेल्या बलाचा नाही. सगळे दांडे सरळ राहिले असते तर त्याच्या वाट्याला किती बल आलं असतं, आणि त्याला खरोखर किती झेपत होतं, यातला तो फरक आहे. लुकडा दांडा बकल झाला की फुटत नाही. तो बाजूला झुकतो, जेवढं झेपतं तेवढंच धरून ठेवतो आणि बाकीचं शेजाऱ्याकडे ढकलतो. एकत्र कुटुंबात एक भाऊ कामातून सुटला की बाकीच्यांवर ओझं वाढतं, तसंच. स्पेस फ्रेममध्ये शेजारी भरपूर असतात म्हणून काही काळ निभावतं. पण शेजारीही तशाच खोट्या लांबीवर उभे होते, त्यांच्याकडे शिल्लक नव्हती. अहवालाचं म्हणणं असं की छत पूर्ण झालं त्या दिवसापासूनच ते कोसळायला सुरुवात झाली होती, फक्त त्याला काही वर्षं लागली.

नुसत्या लांबीच्या दुपटीने ८५२ येत नाही हेही खरं. जास्तीचं वजन आणि मध्यरेषा न जुळल्याने जोडात आलेला वाकाव हे त्यावर चढले असावेत. बकलिंगच्या हिशोबात चुका बेरजेने वाढत नाहीत, गुणाकाराने वाढतात.

छत बोलत होतं

ही जाळी जमिनीवर जोडून मग जॅकने वर उचलली होती. जमिनीवर असतानाच काही जोडांवर तिचा झुकाव जास्त दिसला, आणि वर उचलल्यावर तो अंदाजाच्या दुप्पट भरला. ते डिझाइनरांच्या कानावर घातलं गेलं. गणित आणि प्रत्यक्ष यांत थोडा फरक पडतोच, असं उत्तर आलं. पुढे कडेचे पॅनेल बसवणाऱ्या कंत्राटदाराचे पॅनेल जुळेनात, कारण छत अंदाजापेक्षा जास्त झुकलं होतं. त्याने जोड कापले, पुन्हा वेल्ड केले आणि काम उरकलं. १९७४ मध्ये एका नागरिकाने खालून बघून छत फार झुकलेलं दिसतंय अशी काळजी व्यक्त केली. त्यालाही काही धोका नाही असं सांगितलं गेलं. मग १९७५ मध्ये क्रीडागृह उघडलं आणि तीन वर्षं चाललं.

दुप्पट झुकाव हा बकलिंगचा पुरावा असतो का? थेट नाही. झुकाव वजनावर, जोडाच्या ढिलेपणावर, कॅम्बर (आधीच वर दिलेला बाक) दिला की नाही यावरही अवलंबून असतो (इथे तो दिलाच नव्हता). पण रेषीय गणित (भार दुप्पट तर झुकाव दुप्पट असं धरणारं) बरोबर असेल तर १४०० टनांच्या रचनेत दुप्पट फरक पडायला दोनच मोठी कारणं उरतात: वजन दुप्पट आहे किंवा कडकपणा निम्मा आहे. वजन वाढल्याचं २० टक्क्यांनी समजावता येतं. उरलेलं कुठून आलं, हा प्रश्न कुणी तरी लिहून विचारायला हवा होता.

बांधकाम पाच वेगळ्या कंत्राटांत विभागलेलं होतं. बांधकाम चालू असताना देखरेखीसाठी जागेवर स्ट्रक्चरल इंजिनिअर ठेवा अशी शिफारस होती, ती खर्च वाचवायला नाकारली गेली. टेकूचा जोड नकाशाबरहुकूम झालाय का, हे बघणारं कोणीच नव्हतं. डिझाइन करणाऱ्याने गृहीत धरलेली लांबी आणि फॅब्रिकेटरने काढलेला जोड या दोन कागदांची गाठ घालणारा माणूस त्या साखळीत नव्हता.

आपल्याकडच्या शेडमध्ये हेच वेगळ्या रूपात दिसतं. ट्रसचा (त्रिकोणी जाळीच्या कैचीचा) खालचा दांडा, म्हणजे टाय, नेहमी ताणात म्हणून तिला आडवे रनर (बाजूने धरून ठेवणारे दांडे) द्यायचा कंटाळा केला जातो. कोकणपट्टीत वाऱ्याने पत्रा वर उचलला की तीच टाय दाबात जाते, आणि मग तिची लांबी एका रनरपासून दुसऱ्यापर्यंत मोजायची असते. रनर नसतील तर भिंतीपासून भिंतीपर्यंत.

पिळवटीचा वाद

सगळ्या तपासण्यांचं एकमत झालं नाही. दुसऱ्या एका सल्लागार कंपनीने, लूमिस अँड लूमिसने, डिझाइनमधल्या चुका मान्य केल्या, पण दांडे बाजूला वाकून न जाता स्वतःभोवती पिळले गेले असं मत दिलं. अधिक चिन्हाच्या आकाराला पिळवटीचं बकलिंग सोपं असतं, कारण त्याच्या चारही पाकळ्या केंद्रातून फुटतात आणि पिळाला फारसा विरोध करत नाहीत. साधे कॉम्प्युटर प्रोग्रॅम त्या काळी हा प्रकार बघतच नव्हते.

आपल्याच उदाहरणावर ताडून बघू. पिळवटीचा ताण म्हणजे जी (पोलादाच्या पिळाच्या कडकपणाचा स्थिरांक) गुणिले पिळाचा स्थिरांक भागिले ध्रुवीय जडत्वाघूर्ण. १० मिमी जाड अँगलच्या दांड्याला तो ६२५ न्यूटनच्या आसपास येतो, पोलादाच्या मर्यादेच्या कितीतरी वर, म्हणजे चिंता नाही. जाडी ६ मिमी केली की २३५ वर येतो आणि १५ फुटांच्या साध्या बकलिंगच्या जवळ जाऊन बसतो. गंमत म्हणजे या सूत्रात लांबी नाहीच. तेव्हा जिथे पिळवट राज्य करते तिथे मध्यावर टेकू लावून काही फायदा होत नाही. पाकळ्या जाड कराव्या लागतात किंवा आकार बदलावा लागतो. कॉलमचा हिशोब करताना वाकून आणि पिळून, दोन्ही आकडे काढावेत आणि लहान तो घ्यावा. अधिक चिन्ह, एकेरी अँगल, टी, पातळ चॅनेल, या सगळ्यांना हे लागू आहे.

तिसरं मत वास्तुरचनाकाराच्या विमा कंपनीसाठी काम करणाऱ्या हान्सकार्ल बांडेल यांचं. त्यांनी स्कोअरबोर्ड छताला जोडणाऱ्या वेल्डवर बोट ठेवलं. मला ते पटत नाही. एका वेल्डने ठिणगी पडली असेलही, पण सुदृढ स्पेस फ्रेम एका जोडाने संपूर्ण खाली येत नाही. दांड्यांना शिल्लक क्षमता असेल तर भार आजूबाजूला जातो आणि छत वाकडं होऊन थांबतं. ते थांबलं नाही, यावरूनच शिल्लक काही नव्हती असं दिसतं. लूमिस आणि झेटलिन यांच्यातला वाद मला तुलनेने कमी महत्त्वाचा वाटतो, कारण वाकणं आणि पिळणं दोन्हींच्या मुळाशी वरचा दांडा त्याला हवा तिथे, हवा तसा धरलेला नव्हता हेच आहे. खरा फरक उपायात पडतो: पहिल्यात टेकू सुधारा, दुसऱ्यात सेक्शन बदला.

आज हेच छत कुणी पुन्हा तपासायचं ठरवलं तर आयगेन बकलिंगचं विश्लेषण (रचना किती भाराला आणि कोणत्या आकारात बकल होईल ते काढणारं गणित) कुठलंही सॉफ्टवेअर दोन मिनिटांत देईल. पण मॉडेलमध्ये टेकू दांड्याच्या मध्यरेषेवर जोडला तर उत्तर मूळ डिझाइनसारखंच गोड येईल. खाली मिळणारे तिरके दांडे खालीच मिळवायचे, मधली पट्टी वेगळा दांडा म्हणून घालायची, दांड्याला लांबीच्या हजाराव्या भागाएवढा मुद्दाम बाक द्यायचा आणि मग अरेषीय गणित (वाकल्यावर बदलणारा आकार धरून केलेलं) चालवायचं. कडेच्या दांड्याच्या बकलिंगची दिशा स्क्रीनवर बघितली की एका प्रतलातला टेकू लगेच उघडा पडतो. आणि ज्या जोडावर एवढा हिशोब उभा आहे त्याच्या नकाशावर डिझाइनरची सही असायला हवी, फॅब्रिकेटरची एकट्याची नव्हे. कनेटिकटने पुढे मोठ्या इमारतींसाठी स्वतंत्र इंजिनिअरकडून फेरतपासणी सक्तीची केली.

क्रीडागृह नव्या छताखाली १९८० मध्ये पुन्हा उघडलं. या वेळी स्पेस फ्रेम नव्हती, नेहमीच्या पोलादी ट्रस होत्या. खटल्यांमध्ये सहा वर्षं गेली आणि शेवटी सगळ्या पक्षांनी कोर्टाबाहेर तडजोड केली, त्यामुळे तिघांपैकी कुणाचं म्हणणं खरं हे कोर्टात ठरलंच नाही.